भाकर छावणीबाहेर गेली

माझ्या सुनेला दुपारच्या वेळी पुस्तकं वाचायचा नाद आहे. मागच्या उन्हाळ्यात ती कसलीशी रहस्यकथा वाचत होती. त्यातली बाई बेकरी चालवते, केक भाजते आणि भाजता भाजता गावातला खुनी शोधून काढते. शेवटी सगळे एकत्र बसून चहा पितात. सून मोठ्या कौतुकानं म्हणाली, "अगदी तुमच्यासारखी आहे बघा, मम्मी. तुम्ही नव्हतं का ते छावणीतलं प्रकरण शोधून काढलं?" मी मेथी निवडत होते. तशीच जुडी खाली टाकली आणि आत निघून गेले. सुनेला वाटलं, सासूच्या नाकावर राग आला. आला होता खरा, पण तिच्यावर नाही.

ते प्रकरण आमच्या गावात अजून सांगतात. माझ्या हुशारीची गोष्ट म्हणून सांगतात आणि मी समोर बसून ऐकते. आज जशी झाली तशी सांगते. मग तुम्हीच काय ते ठरवा.

लागोपाठ दोन वर्षं पाऊस नव्हता. धारूरच्या घाटाखाली आमचं गाव. विहिरींचे तळ उघडे पडले, बोअर नुसती हवा ओकायला लागली. आमची बायकांची दूध सोसायटी होती, मी तिची अध्यक्ष. दूधच आटलं, मग सोसायटीनं गावाबाहेरच्या माळावर जनावरांची छावणी उघडली. वरती किल्ल्याचा डोंगर, खाली आमचे पत्रे आणि हिरव्या जाळ्या. तिथं जनावरं होती तशीच माणसंही होती. गुरं सांभाळायला घरटी एक-दोन जण तिथंच मुक्कामाला. त्यांच्यासाठी आम्ही चूल मांडली आणि दिवसाला एक वेळचं जेवण सुरू केलं. एवढी जनावरं एका जागी असून हंबरायचं कुणी नाही, हे मला पहिल्या दिवसापासून खटकायचं. नुसती टुकूटुकू बघायची. दुपारी वारा सुटला की शेणाची धूळ ताटात यायची आणि आम्ही ती झटकून जेवायचो.

माझा स्वभाव तेव्हा फार कडक होता. दुधात कुणी पाणी घातलंय ते मी दोन थेंब जिभेवर ठेवून सांगायची. सोसायटीतली गुळाची ढेप चोरीला गेली तेव्हा दोन दिवसांत चोर पकडून दिला. माझ्या मागं मला सीआयडी आक्का म्हणायचे. मला ते कळायचं, आवडायचंही. कशाला खोटं बोलू?

छावणीतल्या धान्याला पाय फुटायला लागले तेव्हा मीच नियम केला. छावणीत रांधलेलं छावणीतच खायचं. एक घासही फाटकाबाहेर जाता कामा नये. जो नेताना सापडेल त्याचं नाव कमी करायचं आणि त्याचं जनावर त्याच दिवशी दावणीतून सोडायचं. जनावर सोडायचं म्हणजे मारायचंच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नियमाला सगळ्यांनी माना डोलावल्या. बाहेर घरोघरी म्हातारी माणसं बसलेली आहेत, त्यांच्या पोटात काय जातंय, हे विचारायचं मला सुचलं नाही. सुचलं नाही म्हणते, पण खरं म्हणजे मला विचारायचंच नव्हतं. एकाला दिलं की दहा हात पुढं येतात, असं माझं म्हणणं होतं.

भाकऱ्या करायला एक पोरगी होती. पोरगीच म्हणायची, तिशीसुद्धा गाठली नव्हती. नवरा ऊसतोडीला कर्नाटकात गेलेला. दरसाल दोघं जायची, पण त्या साली सासूचे डोळे गेले, पायही थकले, म्हणून ही मागं राहिली. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात; नवरा एकटाच अर्धा कोयता म्हणून गेला, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ मिळणारी उचलही अर्धीच मिळाली. तिची एक गाय आमच्या छावणीत होती. गाय आटली होती आणि सोसायटीचा सेक्रेटरी रोज टोमणा मारायचा की भाकड जनावराला चारा कशाला. एकादशीच्या आदल्या दिवशी तर त्यानं गाईच्या पुढ्यातली पेंढी उचलूनच नेली. तेव्हा ही पोरगी सगळ्यांदेखत ओरडली, "तुमच्या समद्यांच्या तोंडात माती पडंल!" आमच्याकडं बाया रागाच्या भरात असं बोलतात. पण ते शब्द सगळ्यांच्या कानात राहिले.

दुसऱ्या दिवशी एकादशी. होळीच्या आधीची. त्या दिवशी छावणीची चूल उपवासाचीच पेटायची. शिजवलेली भगर, शेंगदाण्याची आमटी आणि भगरीच्या पिठाच्या भाकरी. ज्यांना दिवसभर पेंढ्या उचलायच्या त्यांना भाकर लागते, नुसत्या भगरीनं त्यांचं भागत नाही. माझे दात तेव्हाच हलायला लागले होते, म्हणून मी भगर आणि आमटीच घेतली.

त्या पोरीनं ताट घेतलं नाही. म्हणाली, "आक्का, माझी आज निरंकार हाय, तोंडात काईच घालायचं न्हाई." आणि तिच्या वाटणीच्या दोन भाकरी तिनं पदरात बांधल्या. हे तेव्हा कुणी पाहिलं नाही. मी तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, कारण हे लपवून ठेवून शेवटी दाखवण्यात मला काही मौज वाटत नाही. अकराच्या सुमाराला जेवणं उरकल्यावर ती जळण आणते म्हणून फाटकाबाहेर पडली. अर्ध्या तासाच्या वाटेवर तिचं घर. भाकरी सासूच्या हातात दिल्या आणि तशीच उलट पावली परत आली.

ती परत येईपर्यंत इकडं सुरू झालं होतं. आधी एक जण दावणीजवळ बसला आणि म्हणाला, डोंगर फिरतोय. आम्ही हसलो. मग त्याचे हात थरथरायला लागले. मग एक बाई ओकली, तिच्या शेजारची ओकली, आणि बघता बघता पस्तीस-चाळीस माणसं माळावर आडवी झाली. कुणाला उभं राहता येईना. माणसं जमिनीला धरून पडली होती आणि जनावरं तशीच मुकाट त्यांच्याकडं बघत होती. अरे देवा, ते डोळे! मला आजही जेवताना कधीकधी आठवतात आणि ताट सरकवावं लागतं.

गावच्या पतसंस्थेचे चेअरमन आपली माणसं घेऊन धावत आले. छावणीला पैसा त्यांचाच, म्हणून तिथं त्यांचा शब्द चालायचा; मोठ्या घरातले. जीप पाठवून धारूरचा डॉक्टर आणवला, सलाइनच्या बाटल्या खांबांना टांगल्या. ज्यांची तब्येत जास्त बिघडली होती त्यांना जीपमध्ये घालून नेलं. आणि मग सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न आला. हे केलं कुणी?

तेवढ्यात ती पोरगी फाटकातून आत आली. धडधाकट, आपल्या पायांनी.

घरी जेवून आलेला सेक्रेटरी म्हणाला, "हिनंच काईतरी घातलं बगा. काल म्हनली व्हती ना, माती पडंल म्हनून." एका बाईनं तिच्या झिंज्या धरल्या. माणसं एवढी भेदरली होती की तिथंच तिचा जीव घेतला असता. मी मधे पडले. तिला कडब्याच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. लोकांना सांगितलं, कुणी हात लावायचा नाही, मी शोधून काढते. चेअरमन म्हणाले, "संध्याकाळपर्यंत काय ते बघा आक्का, न्हाईतर उद्या ठाण्यात देतो हिला. आनि गाय आजच सोडा." मी गायीला संध्याकाळपर्यंत हात लावू दिला नाही. तेवढं पुण्य माझ्या पदरात घाला, बाकी काही नाही.

दुपारी एक वाजता मी त्या पत्र्याच्या दारापाशी खुर्ची टाकून बसले. खरं सांगते, मला आतून उकळ्या फुटत होत्या. माणसं आडवी पडली होती आणि मला हुरूप आला होता.

"तू का न्हाई गं आजारी पडली?"

"माझी निरंकार व्हती, आक्का."

"निरंकार? मग आमटीतलं मीठ कुणी चाखलं? एवढं नेमकं मीठ न चाखता पडत न्हाई."

मग म्हणाली, "जरा जिभेला लावलं व्हतं."

"आनि जेवनं झाल्यावर कुठं गेलतीस?"

"जळनाला."

"जळन कुठाय मग?"

मला वाटलं, सापडली. खोटं बोलणारं माणूस मला वासानं कळतं अशी माझी समजूत होती, आणि ती खोटं बोलतच होती. फक्त कशासाठी, ते मी उलटं धरलं.

मग ती दाराशी आली. फटीतून तिचा एक डोळा दिसत होता. "आक्का, मला घडीभर घरी जाऊन येऊ द्या. म्हातारी एकटी हाय."

"ती रोजच एकटी असती की. आजच कावून आठवली?"

ती फटीपासून मागं सरकली. बोलली असती की भाकर नेली, तर गाय गेली असती. नियम कुणी केला होता? मीच. आणि तिला तरी कुठं ठाऊक होतं की दोष भाकरीत आहे? बाहेर सगळे टँकरच्या पाण्याचं नाव घेत होते, कुणी आमटीचं घेत होतं. सासूला तिनं ना छावणीचं पाणी दिलं होतं, ना आमटी. त्याच आशेवर ती आत बसून होती.

मी उठले आणि तपासाला लागले. वही नाही काही नाही, सगळं डोक्यात. एकेका आडव्या माणसापाशी जाऊन विचारायचं, काय खाल्लं, किती खाल्लं, आधी काय, नंतर काय. ओकणाऱ्या माणसाला असले प्रश्न विचारायला लाज वाटायला हवी होती. मला वाटली नाही. पाणी सगळ्यांनीच प्यायलेलं. आमटी सगळ्यांनीच खाल्लेली, मीही. मग मी धड कशी?

दुपारी तीनच्या सुमाराला मी परत त्या खोलीवरून गेले. आतून पत्रा वाजला. "आक्का, मला सोडू नका, पर कुनाला तरी घागरभर पानी घेऊन घरी धाडा. सकाळी रांजनात पानी नव्हतं. म्हातारीला दिसत न्हाई, ती कुठं हुडकंल?"

मी म्हटलं, "आदी माझं काम होऊ दे."

माझं काम! घागर घेऊन जायला चेअरमनबरोबर आलेली दहा माणसं मोकळी होती. पण मला वाटलं, हिला निरोप धाडायचा असेल, घरात काही लपवलेलं असेल ते हलवायचं असेल. पोलीस कसा विचार करतो तसा मी विचार करत होते. कुणाला पाठवलं नाही.

कळलं ते कुत्र्यामुळं. छावणीत एक लूत भरलेलं कुत्रं होतं. ते चुलीमागं पडलं होतं, चारही पाय ताठ, थरथरत. त्याच्यापुढं भाकरीचा तुकडा होता. कुत्र्याला कुणी आमटी वाढत नाही, भाकर टाकतात. मी तिथंच उभी राहिले. माझ्या ताटात भाकर नव्हती. दात पडलेले तीन-चार म्हातारे होते, तेही बरे होते, त्यांनीही नुसती भगर खाल्ली होती. दाणे तेच, एकाच पोत्यातले. मग फरक पिठाचा.

मी कोठीत गेले. भगरीच्या पिठाचा डबा पाण्याच्या टाकीला टेकून ठेवलेला होता. टाकी थंड राहावी म्हणून तिला ओलं पोतं गुंडाळलेलं. डबा उघडून हात घातला तर खालचं पीठ गोळ्यांनी चिकटलेलं आणि कुबट वास. भगर गिरणीत दळली की दोन दिवसांत संपवायची असते, आमच्या आया-सासवांना हे माहीत होतं, मलाही होतं. पण वीज कधी यायची, कधी नाही. एकदा गिरणी चालू दिसली तेव्हा मीच आठ दिवस आधी सगळी भगर दळून आणली, मीच तो डबा टाकीला टेकून ठेवला आणि वरून झाकणावर वीट ठेवली. त्या पोरीनं सकाळी अंधारात, धुरात, मी मापून दिलं तेवढं पीठ मळलं. कुणी विष घातलं नव्हतं. ते माझ्या नीटनेटकेपणात आपोआप तयार झालं होतं.

डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, बुरशीच आहे, दुसरं काही नाही. चेअरमन म्हणाले, "वा आक्का!" मला घाम फुटला होता, पण काय सांगू, त्या घामातही मला बरं वाटलं. चूक माझी असली तरी शोधली मीच ना! आणि एक पोरगी सुटली. मी मनात म्हटलं, जाऊन तिला सांगते, तिच्यापुढं हात जोडते आणि गाईला सगळ्यांसमोर पेंढी घालते.

कडी काढली. उन्हं कलली होती. ती कडब्यावर बसली होती, गुडघ्यात डोकं घालून.

"चल पोरी, सुटलीस. तुझा काय बी दोष न्हाई. पिठात व्हतं. भगरीचं पीठच नासलं व्हतं."

तिनं वर बघितलं. मला वाटलं, रडेल, पाया पडेल.

"पिठात?" ती म्हणाली. "म्हंजी भाकरीत?"

"भाकरीत."

ती उठली आणि मला ढकलून पळत सुटली. चप्पल घातली नाही. फाटकापाशी कुणी अडवायला गेलं तर त्याच्या हाताला चावली. मी तिथंच उभी. आणि मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट बसत गेली. निरंकार. रिकाम्या हातांनी परत येणं. घागरभर पाणी. सगळं माझ्यासमोर दुपारपासून होतं.

मी तिच्या मागं निघाले. माझं अंग जड, वाट ढेकळांची. धावता येईना, छातीत कळ यायला लागली. वाटेत एकही माणूस भेटलं नाही. गावात शिरले तर अर्ध्या घरांना कुलपं, सगळे ऊसतोडीला गेलेले. म्हातारीनं हाका मारल्याच असतील, पण त्या ऐकायला त्या गल्लीत होतं कोण?

म्हातारी रांजणापाशी पडलेली होती. उंबऱ्यापासून तिथपर्यंत सरपटत गेल्याची खूण शेणानं सारवलेल्या जमिनीवर उमटलेली. ओकलेलं सुकून गेलं होतं. रांजणाच्या तळाशी हात घालून बघितलं असावं, हाताला ओली माती लागलेली होती. पोरगी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी पलीकडच्या गल्लीतून तांब्याभर पाणी आणलं, पण ते पाजायची वेळ निघून गेली होती. अंग अजून कोमट होतं.

एका फडक्यात दीड भाकर बांधून उतरंडीवर ठेवलेली सापडली. म्हातारीनं अर्धीच खाल्ली होती. बाकीची सुनेसाठी ठेवली होती, कारण सून उपाशी राहते हे त्या आंधळ्या बाईला दिसत होतं.

डॉक्टर तिथं आला तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, नुसत्या ह्यानं सहसा माणूस जात नाही, पण म्हातारं शरीर, ओकून ओकून पाणी संपलं. कुणी पाणी पाजायला असतं, दुपारीच सलाइन लागलं असतं, तर वाचली असती. छावणीत दुपारी चार बाटल्या शिल्लक होत्या. मीच त्या कोठीत नीट लावून ठेवल्या होत्या.

छावणीतली बाकी सगळी माणसं दुसऱ्या दिवशी उठून बसली. पोरीनं लोकांना सांगितलं, म्हातारीचं वय झालं होतं. भाकरीचं नाव तिनं काढलं नाही. गाईसाठी काढलं नाही. मीही काढलं नाही. सोसायटीच्या बैठकीत मला नारळ आणि साडी दिली, आणि मी ती घेतली. गावात बोलबाला झाला की आक्का नसती तर एक गरीब बाई नाहक तुरुंगात गेली असती. कडी कुणी घातली होती, हे कुणी विचारत नाही.

तेरावा झाला, नवरा पुन्हा उसाच्या फडावर गेला आणि ती परत चुलीपुढं येऊन बसली. जाणार कुठं? दोन दिवसांनी पाडव्याच्या अगोदरची एकादशी आली. मी पहाटे स्वतः गिरणीवर जाऊन ताजं पीठ दळून आणलं. नियम तर मी तिसऱ्या दिवशीच मोडून टाकला होता, सगळ्यांना सांगितलं होतं की घरच्या म्हाताऱ्यांना न्या. तिच्या ताटात मी चार भाकरी वाढल्या आणि म्हटलं, "लागतील तेवढ्या घरी ने गं."

"घरी कोन हाय आता, आक्का?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मग तिनं एक भाकर उचलून माझ्या ताटात ठेवली. "आदी तुमी खा."

दात दुखत होते, तरी मी सगळी भाकर खाल्ली. ती समोर बसून बघत होती. मी पाणी प्याले, ताट धुतलं, परत येऊन तिच्यापुढं बसले, तरी ती माझ्या हातांकडंच बघत होती. तास-दीड तास गेला असेल. माझे हात थरथरत नाहीत याची खात्री झाल्यावर तिनं ताट पुढं ओढलं आणि जेवायला लागली.